म्हशीनं पसंत केलेला ट्रॅक्टर

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही माझा ट्रॅक्टरवरचा फोटो पाहिलात आणि दोघंही एकदम हसलात. धाकटीनं विचारलं, आजी, तो खरा आहे की कुठल्या बागेत मुलांना बसायला ठेवलेला? तो खरा आहे, आपला आहे आणि मीच तो चालवते. तो आपल्याकडे कसा आला हे तुमचे आजोबाही सांगतात. पण त्यांच्या सांगण्यात तो ट्रॅक्टर दर दिवाळीला थोडा मोठा होत चालला आहे, आणि निवड सगळी आपलीच होती असं हल्ली ते पाहुण्यांना सांगू लागले आहेत. तीच गोष्ट घरात पक्की व्हायच्या आत झालं तसं क्रमानं लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवेल. एखादा शब्द अडला तर तिला विचारा. तिलाही अडला तर मला फोन करा.

आपली जागा तुम्ही पाहिली आहे, पण नेहमी मे महिन्यात, म्हणजे ती सगळ्यात उदास दिसते तेव्हा. लोणावळ्याहून कुरवंड्याकडे येताना शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. तिच्यातून सुटून कच्च्या रस्त्याला वळलं की आधी भाताची खाचरं लागतात, मग घर, आणि घरामागं चढत गेलेलं गवताचं रान. पावसाळा संपता संपता तिथलं गवत माझ्या कमरेला लागतं. दसऱ्यानंतर ते पिवळं पडतं आणि दिवाळी झाली की कापावं लागतं. नाही कापलं तर हिवाळाभर वाळून उभं राहतं, आणि वरच्या पायवाटेनं जाणाऱ्या कुणी सिगारेटचं थोटूक टाकलं की वणवा लागतो. एका वर्षी तो आपल्या फणसापर्यंत आला होता. फणसाची ती बाजू अजून काळी आहे.

हे गवत कापायची मावशी. तुम्ही तिला ओळखता, दर सुट्टीत तुमच्यासाठी पानाच्या द्रोणातून करवंदं आणते ती. डोंगराच्या पोटाशी, आपल्या रानाच्या खालच्या कडेला जी वाडी आहे, तिथं ती राहते. वयानं माझ्याच बरोबरीची आहे, पण सगळं गाव तिला मावशी म्हणतं म्हणून मीही म्हणते. ती मला ताई म्हणते आणि तुमच्या आजोबांना भाऊ. आमच्यात ठरलेलं साधं होतं. रान तिनं कापायचं आणि गवत तिनं न्यायचं. आमची वणव्याची धास्ती जायची आणि तिच्या दोन म्हशींची पावसाळ्याची सोय व्हायची.

इकडचा पाऊस तुम्ही पाहिलेला नाही. तो एकदा लागला की समोरचा डोंगर दिसत नाही आणि जनावरं गोठ्याबाहेर काढता येत नाहीत. तेवढे सगळे दिवस म्हशी वाळल्या गवतावर असतात. त्यासाठी हिवाळ्यात गवत कापायचं, मूठ मूठ घेऊन त्याच्या पेंढ्या बांधायच्या आणि पेंढ्यांची गंजी रचायची. नीट रचलेली गंजी वरून छपरासारखी उतरती असते. पाणी बाहेरून निथळून जातं आणि आतलं गवत कोरडं राहतं. मावशीची गंजी लांबूनही ओळखू यायची, कारण तिच्यासारखी सरळ कुणाची नसायची.

एका हिवाळ्यात मावशीचा खांदा आखडला. हात वर जाईना, विळा चालेना. अर्धं रान तसंच उभं राहिलं आणि पुढच्या पावसाळ्यात म्हशींना पोटभर गवत मिळालं नाही. तिचा मुलगा बेगडेवाडीला राहतो आणि परंदवडीजवळच्या एका कारखान्यात कामाला जातो. मुलगा चांगला आहे, पण त्याच्या पाळ्या असतात, त्याला रान कापायला कुठली सवड. मजूर मिळेना. वाडीतली तरणी माणसं बंगल्यांवर आणि हॉटेलांत जातात. बंगल्याची हिरवळ कापायला माणूस मिळतो, डोंगरावरचं गवत कापायला मिळत नाही. शेवटी मुलगा म्हणाला, म्हशी विक आणि माझ्याकडे राहायला ये. मावशी हे सांगायला आली आणि आपल्या पायरीवर बसली.

“यंदा गवात घरात आलं तर ऱ्हातील,” ती म्हणाली. “न्हाई आलं तर दोघींना बाजार दावायचा.”

म्हशींना ती नेहमी ‘दोघी’च म्हणायची, थोरली आणि धाकटी. नवरा गेल्यापासून घरात बोलायला त्याच दोघी होत्या.

त्या दिवशी जेवताना आजोबांनी जाहीर केलं की आपण ट्रॅक्टर घेऊ. त्यांना ट्रॅक्टर हवा होता हे मला लग्नापासून माहीत होतं. आता त्यांना कारण सापडलं, आणि कारण खरं होतं. खाचरं नांगरायलाही बैल मिळेनासे झाले होते. तेव्हा वर गवत कापेल आणि खाली चिखल करेल असं एकच यंत्र हवं, यावर आमचं लगेच एकमत झालं. त्यानंतर बरेच दिवस कशावरच झालं नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राचं माहितीपुस्तक वाचायचं काम माझ्याकडे असतं. आजोबा पुस्तक न वाचता यंत्र सुरू करतात आणि ते बंद कसं करायचं हे मला विचारतात. या वेळी मी आधीच तयारी केली. फाटक मोजलं. घर आणि फणस यांच्यामधली वाट मोजली. सगळ्यात लहान खाचरात यंत्र बांध न मोडता वळेल का, तेही काठी फिरवून पाहिलं. उतार किती आहे ते कळावं म्हणून एक लांब फळी आणि पाण्यानं अर्धी भरलेली बाटली घेऊन वर गेले. आजोबा खालून ओरडून म्हणाले की हा उतार मी जन्मापासून ओळखतो. मी म्हटलं, तुम्ही ओळखता, ट्रॅक्टर ओळखत नाही.

तळेगावच्या रस्त्याला ट्रॅक्टरचं एक मोठं दुकान आहे. तिथला विक्रेता टक्कल पडलेला, गोड बोलणारा गृहस्थ होता. आजोबा आत शिरले ते थेट सगळ्यात मोठ्या लाल ट्रॅक्टरवर जाऊन बसले. मावशीही आमच्याबरोबर आली होती. तिनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि सांगितलं की हाच घ्या, जत्रेत उभा केला तरी शोभंल. विक्रेता म्हणाला, काका त्याच्यावर अगदी उठून दिसतात. मी पिशवीतून टेप काढली. तो ट्रॅक्टर घर आणि फणस यांच्या मधून जात नव्हता. आजोबांनी तो विषय तिथं सोडला, पण परत येताना गाडीत त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या फणसाला हल्ली फळं कमीच धरतात, नाही का.

दुकानात मग विक्रेत्यानं एक अरुंद, उंच, लहान ट्रॅक्टर दाखवला. नाशिककडचे द्राक्षवाले डोळे मिटून हाच घेतात, म्हणाला. मी विचारलं की द्राक्षाचे मळे सपाटीवर असतात ना? तो म्हणाला, हो मॅडम, पण मातीला काय फरक पडतो. मातीला पडत नसेल, पण उतारावर चाकं जवळजवळ असलेली उंच गाडी कशी कलंडते हे घाटातल्या वळणावर मी पाहिलेलं आहे. तसं मी बोलूनही दाखवलं. आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस. अखेर असं ठरलं की दुकानाचा माणूस हा लहान ट्रॅक्टर आणि मागं जोडायचं गवत कापायचं यंत्र घेऊन आपल्या रानात येईल आणि चालवून दाखवेल. दुकानदार त्याला डेमो म्हणतात. घ्यायचं की नाही ते पाहिल्यावर ठरवायचं.

आमची चूक झाली ती इथं. डेमो म्हणजे काय ते आम्ही मावशीला नीट सांगितलंच नाही.

ट्रॅक्टर फाटकातून आत आला तर अंगणात मावशी वाडीतल्या चार बायकांबरोबर आरतीचं ताट घेऊन उभी. आपल्याकडे घरी नवीन सायकल आली तरी तिला हळदकुंकू लागतं, हा तर ट्रॅक्टर. चालक खाली उतरायच्या आत त्याच्या बॉनेटवर स्वस्तिक निघालं, त्यावर हार चढला आणि चाकापुढं नारळ फुटला. मी पुढं होऊन सांगणार, एवढ्यात खालच्या घरचे आबा पेढे घेऊन आले आणि आजोबांना मिठी मारून म्हणाले, बरं केलंत. आजोबांनी पेढा खाल्ला. ट्रॅक्टर आपला नाही हे पेढा तोंडात असताना कसं सांगायचं, असं ते नंतर म्हणाले.

मग सगळे वर गेलो. चालकानं रान पाहिलं आणि वरच्या चढाला हात जोडले. खालच्या भागात मात्र त्यानं यंत्र सुरू केलं. मागच्या खोक्यात मोठी पाती गरागरा फिरत होती. जिथून ट्रॅक्टर गेला तिथं बंगल्यातल्यासारखी हिरवळ दिसू लागली. आजोबांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मलाही ते दृश्य आवडलं. मावशी हसत होती, आबा हसत होते, आणि गवत इतक्या झटपट आडवं झालेलं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मावशी पेंढी बांधायला खाली वाकली तेव्हा हसणं थांबलं. बांधायला गवतच नव्हतं. होता तो बोटाएवढ्या तुकड्यांचा मातीत मिसळलेला भुगा. तिनं ओंजळभर उचलला, तो बोटांतून गळून गेला. मी शेजारी वाकून पाहिलं. गवत कापलं जाईल का, एवढंच आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. कापल्यावर ते कसं पडेल हे कुणीच विचारलं नव्हतं, मावशीनंही नाही.

तिनं पाटीभर भुगा गोळा केला आणि खाली वाडीतल्या गोठ्याकडे निघाली. आम्ही मागोमाग. थोरली म्हैस उठली, पाटीत तोंड घातलं आणि जोरात फुंकर सोडली. भुगा उडून आजोबांच्या सदऱ्यावर बसला. म्हशीनं मान फिरवली ती फिरवलीच. धाकटीनं तर पाटीकडे पाहिलंही नाही.

“भूक लागली की खाईल,” आजोबा म्हणाले.

“आज खाईल भाऊ. आखाडात काय खाईल?” मावशी म्हणाली. “पेंढी न्हाई तर गंजी न्हाई. ह्यो भुगा पयल्या पावसात कुजून जायचा.”

ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. तुमचे आजोबा तिच्यासमोर उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, आता परत तरी कसा पाठवायचा, पूजा झाली आहे. मावशीलाही तेच लागलं होतं. आपल्या हातानं कुंकू लावलेली वस्तू दारातून माघारी धाडायची, हे तिला अशुभ वाटत होतं. म्हणजे नको असलेला ट्रॅक्टर ठेवून घ्यायचा आणि म्हशी विकायच्या, अशा ठिकाणी आम्ही येऊन पोचलो होतो, आणि तेही एका नारळामुळे.

मी सरळ चालकाकडे गेले आणि त्याला अडचण सांगितली. तो खोबरं खात होता. खोबरं खाली ठेवून त्यानं बॉनेटवरचा हार बाजूला केला.

“आजी, हे बघा,” तो म्हणाला. आजच्या कुंकवाखाली जुनं कुंकू होतं, त्याखाली हळद, एका कोपऱ्यात शेंदूरसुद्धा. “डेमोचा ट्रॅक्टर आहे हा. गावोगाव पूजा होते याची. मी नको म्हणतो, पण आयाबाया ऐकतात कुठं? खोबरं खाऊन खाऊन माझं पोट बिघडलंय.”

मी मावशीला हाक मारून बोलावलं. तिनं वाकून ते सगळे थर पाहिले, पदरानं एक थर जरा पुसूनही पाहिला.

“मंग ह्यो ट्रॅक्टर न्हाई, देवच झाला म्हणायचा,” ती म्हणाली. “आन देव कुटं गवात कापतो व्हय? जाऊ द्या त्याला.”

तेव्हा आजोबा पहिल्यांदा हसले. देवाला आम्ही चहा पाजून फाटकापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. या वेळी मी विक्रेत्याला आधी गवत कसं पडायला हवं ते सांगितलं. लांबच्या लांब, बुडापासून कापलेलं, एका ओळीत आडवं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला की तसा एक रीपर असतो, गहू-भात कापायचा. पुढं बसवतात. कात्रीसारख्या पात्यांची लांब पट्टी बुडातून कापते आणि धाटं एका बाजूला निजवत जाते. पण मॅडम, गवताला तो कुणी लावत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे भातही आहे. ते ऐकून त्याला बरं वाटलं.

ट्रॅक्टरही दुसराच निवडला. लहानच, पण बुटका, चारी चाकांना जोर असलेला आणि मागची चाकं उलटी बसवून आणखी फाकवता येतील असा. फाकवलेल्या चाकांनिशी तो फणसाशेजारून बसतो की नाही ते मी तिथंच टेपनं पाहिलं. बसत होता. आजोबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि त्याची ताकद विचारली. आकडा ऐकून ते माझ्याकडे वळले. म्हणाले, एवढी तर तुझ्या आवाजात आहे.

दुसऱ्या डेमोच्या वेळी पूजेला मी सक्त मनाई केली. फाटकापाशीच आजोबांनी आबांना अडवून सांगितलं की अजून तपासणी चालू आहे, पेढे आणू नका. योगायोगानं त्या दिवशी मावशीचा मुलगाही सुट्टीवर आला होता. तो एका व्यापाऱ्याशी म्हशींचं बोलून आला होता, हे आम्हाला त्याच वेळी कळलं. तो गोठ्याच्या कुडाला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला.

तोच चालक आला होता. त्यानं चढाच्या बाजूनं फिरून ट्रॅक्टर वर नेला आणि सरळ रेषेत खाली आणला. रीपरचा खडखडाट फार होता, पण गवत हातानं ठेवावं तसं एका कडेला आडवं पडत आलं. हिरवळ वगैरे झाली नाही. रान भादरल्यासारखं दिसत होतं. मावशीनं चांगल्या हातानं एक मूठ उचलली, दुसरं टोक मी धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून पेंढी बांधली. मी बांधलेली गाठ तिनं सोडून पुन्हा बांधली.

पेंढी घेऊन आम्ही गोठ्यात गेलो.  थोरलीनं हुंगलं. मागच्यासारखी फुंकर सोडली तेव्हा आजोबा दोन पावलं मागं सरले. मग तिनं जीभ काढून एक घास ओढला, चघळला आणि दुसऱ्या घासासाठी मान पुढं केली. मावशीनं पेंढी सोडून दोघींपुढं टाकली आणि म्हणाली, “व्हय, हे गवात हाय.”

 मग मुलानं शर्ट काढून खुंटीला अडकवला, वर जाऊन पेंढ्या बांधू लागला आणि अंधार पडेपर्यंत वाहत राहिला. व्यापाऱ्याचा फोन आला तो मी ऐकला. पुढल्या वर्षी बघू, एवढंच त्यानं सांगितलं. त्या वर्षीची गंजी त्यानं रचली आणि मावशीनं खाली उभं राहून त्याच्या प्रत्येक पेंढीला नाव ठेवलं. गंजी जराशी कलली होती, पण पावसाळ्यात आतून भिजली नाही. म्हशी विकायचं त्यानंतर कुणी काढलं नाही.

ट्रॅक्टर मी चालवते याचं कारण आजोबा सांगत नाहीत. तो घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते उतारावरून आडवे निघाले होते. ट्रॅक्टर कलंडला नाही, पण मावशी वरून अशी काही ओरडली की खालच्या रस्त्यावर पर्यटकांनी गाडी थांबवली. “भाऊ, तुमी खाली खाचरात चालवा, हितं ताई बसंल,” असा तिचा निवाडा झाला आणि तोच अजून चालू आहे. मी माहितीपुस्तक दोनदा वाचलं होतं. बाजूनं फिरून वर जायचं, लहान गिअरमध्ये सरळ खाली उतरायचं, उतारावर क्लचला पाय लावायचा नाही, पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. आजोबा म्हणतात मी फार सावकाश चालवते. हे खरं आहे.

कड्याकडचा सगळ्यात वरचा तुकडा ट्रॅक्टरला जमत नाही आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही. तिथं इर्जिक होते. इर्जिक म्हणजे एका घरच्या कामाला सगळ्या वाडीनं एक दिवस जायचं, मजुरी घ्यायची नाही, जेवायचं, आणि फेडायची पाळी आली की त्या घरानं इतरांकडे जायचं. ती दरवर्षी रविवारी ठरते, म्हणजे कारखान्यातले आणि हॉटेलांतले जमतील तेवढे येतात. मी पिठलं-भाकरी आणि शिरा करते. आमची फेडायची पाळी आली की आजोबा ट्रॅक्टर घेऊन वाडीच्या खाचरांत चिखल करायला जातात आणि दिवसभर तिथल्या मंडळींना लाल ट्रॅक्टरची गोष्ट सांगतात.

थोरली म्हैस मागच्या उन्हाळ्यात म्हातारपणानं गेली, मावशीच्या गोठ्यातच. धाकटी आहे, तिला झालेली रेडी आहे, मावशी वाडीतच राहते, आणि वरचं रान अजून दर दिवाळीनंतर कापलं जातं.